अकरावा आधार

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला निवासाच्या दारात एक मिस्त्री येऊन उभा राहिला. खांद्यावर ड्रिल मशीनची पिशवी, बगलेत चकचकीत स्टीलच्या दांड्यांचा भारा, कानामागे पेन्सिल. दार उघडायला आलेल्या सिस्टरला त्यानं अगदी सरळ तोंडानं सांगितलं, "मॅडमना आधार द्यायला आलोय."

सिस्टरनं त्याला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. "उशीर केलात हो," ती म्हणाली. "चौदा महिने झाले, वाट बघतोय आम्ही. या आत. पाय पुसा तेवढे."

आता ज्यांना आधार द्यायला हा भला माणूस आला, त्या मॅडम म्हणजे निवासाच्या व्यवस्थापिका. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, तेव्हा आपणही बाईच म्हणू. आणि निवास म्हणजे थकल्याभागल्या म्हाताऱ्या माणसांचं राहायचं घर. दोन मजले, एक लिफ्ट, एक लांबच लांब कॉरिडॉर आणि बेचाळीस जीव. त्या बेचाळीस जिवांचं खाणंपिणं, औषधपाणी, रुसवेफुगवे, चष्मे, कवळ्या, त्यांची लेकरं आणि त्या लेकरांचे फोन, सारा भार बाईंच्या डोक्यावर. देवानं बाईंना हात दोनच दिले होते. बाकीचे कुठे ठेवलेस रे बाबा, असं त्यांनी कधी वर बघून विचारलं असतं, तर तोही बिचारा क्षणभर खाली मान घालून बसला असता.

पूर्वी बाईंच्या हाताखाली एक उपव्यवस्थापिका होती. ती चौदा महिन्यांपूर्वी दुसरीकडे गेली, आणि तिच्या खुर्चीवर तेव्हापासून डायपरचे खोके बसलेत. बाईंनी मध्यवर्ती कार्यालयाला चार पत्रं लिहिली, की माणूस द्या. चारही पत्रांना उत्तर आलं, हे कबूल केलंच पाहिजे. चारही उत्तरांत लिहिलं होतं की आपलं पत्र मिळालं.

बाईंची नेमणूक वर्षावर्षाची. हे वर्ष आज संपत होतं, आणि दुपारी चारला मोठ्या साहेबांचा फोन येणार होता: पुढचं वर्ष करता की नाही, ते सांगा. बाईंचं ठरलं होतं. नाही सांगायचं.

हे ठरायला फार मोठं काही घडलं नव्हतं. मागच्या आठवड्यात घरी धाकटी लेक म्हणाली, "आई, भूक लागलीय." बाई भांडं घासता घासता म्हणाल्या, "नोंदवहीत लिहून ठेव, संध्याकाळच्या पाळीला सांगते." लेक सात वर्षांची. ती खरंच गेली, वहीत लिहून ठेवलं, खाली वेळ टाकली आणि बाईंपुढे सहीला आणली. बाईंनी सही केली. मग काय केलं ते ध्यानात येऊन त्या ओट्याला टेकून अशा रडल्या, की नवऱ्यानं गॅस बंद केला आणि एवढंच म्हणाला, "तू आता नाही म्हण. चार शब्दांचं तर वाक्य आहे."

चारच शब्द होते. "साहेब, मला जमणार नाही." बाई ते वाक्य आठवडाभर पाठ करत होत्या. अंघोळ करताना म्हणत होत्या, बसच्या रांगेत म्हणत होत्या. एकदा तर गोळ्या मोजता मोजता मोठ्यानं म्हणाल्या, आणि समोरचे आजोबा घाबरून म्हणाले, "बरं बरं, मी नाही घेत ती लाल गोळी."

आणि नेमक्या या दिवशी, सकाळी पावणेनऊला, हा मिस्त्री.

आता ऐका ही गंमत झाली कशी. तीन आठवड्यांपूर्वी मध्यवर्ती कार्यालयातून एक परिपत्रक आलं. मोठं मायेचं होतं. त्यात लिहिलं होतं: इतरांची काळजी घेणाऱ्या व्यवस्थापकांनाही आधाराची गरज असते, हे कार्यालयाच्या ध्यानात आलं आहे. संकोच न बाळगता सोबतच्या फॉर्मवर गरजा कळवाव्यात. बाईंनी ते वाचलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. चौदा महिन्यांत कुणी असं विचारलं नव्हतं.

पण तो फॉर्म ज्या कारकुनानं तयार केला, त्याला कुणी सांगितलं होतं, 'आधाराच्या गरजांचा फॉर्म कर.' आता या कामातली माणसं 'आधार' कशाला म्हणतात? तर बाथरूममध्ये, कमोडशेजारी, भिंतीला जो स्टीलचा दांडा असतो त्याला. 'सहा नंबरचा आधार हलतोय', 'नव्या आजींना उजवीकडे आधार लागेल', असं दिवसातून दहा वेळा बोलणं होतं. दांड्यांच्या मागणीचा फॉर्म कपाटात आयता होता. कारकुनानं त्यातला 'रहिवासी' खोडून 'व्यवस्थापक' लिहिलं आणि जेवायला गेला.

बाईंनी तो फॉर्म एका रविवारी दुपारी चादरींच्या खोलीत, इस्त्रीच्या गठ्ठ्यावर बसून भरला. आधार कुठे लागतो? केव्हा लागतो? एका हाताला की दोन्ही हातांना? बाईंना वाटलं, किती सुंदर विचारलंय. एका हाताला की दोन्ही हातांना! हे लिहिणारा कुणी सोसलेला माणूस असणार. मग त्यांनीही मन मोकळं केलं. अकरा ओळी होत्या, अकराही भरल्या. फॉर्म गेला तो थेट साधन विभागात.

"अहो, हा आधार म्हणजे तो आधार नव्हे!" बाई आपल्या खोलीत मिस्त्रीला समजावत होत्या.

"मग कुठला?" मिस्त्रीनं विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं. हातात ड्रिल घेतलेल्या माणसाला दुसरा आधार कसा सांगायचा? "म्हणजे... मनाचा."

मिस्त्रीनं कामाचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. उलटून पाठीमागेही बघितलं. "मनाचा असं नाहीये इथं," तो म्हणाला. "भिंत विटेची की लाकडाची, एवढंच विचारलंय. विटेवर खूण आहे. एक नंबर: फोन ठेवल्यावर, एका हाताला. फोन कुठला, हा?"

बाईंनी साधन विभागाला फोन लावला. तिथल्या मुलीचा आवाज गोड होता. "मॅडम, मागणी तुमच्या सहीची आहे. रद्द करता येईल की. फक्त 'आधाराची गरज संपली' असं लिहून सही करून पाठवा."

"गरज संपली?"

"हो, तेवढंच."

बाईंनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. आयुष्यात त्यांनी खोटी नोंद केली नव्हती. कुणी आजोबांनी अर्धी पोळी खाल्ली तर वहीत अर्धीच लिहिली, पाऊण नाही. आणि इथं लिहायचं, गरज संपली? हात उठेना. त्यांनी फोन ठेवला आणि टेबलाची कडा धरून क्षणभर उभ्या राहिल्या.

"इथे ना?" मिस्त्री म्हणाला, त्यांच्या हाताच्या उंचीवर भिंतीला पेन्सिलची खूण केली आणि मशीन सुरू केलं.

ड्रिलचा आवाज झाला आणि अख्खा निवास जागा झाला. पहिले आले ते स्टेशनमास्तर. ते खरोखरीचे निवृत्त स्टेशनमास्तर होते आणि निवासात येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद मनात ठेवत. "हा आधार कुणाचा?" त्यांनी करड्या आवाजात विचारलं.

"बाईंचा," मिस्त्री म्हणाला.

"बाईंना काय झालं?"

"कागदावर अकरा ठिकाणं लिहिलीत."

"अकरा!" स्टेशनमास्तरांनी टोपी काढली. त्यांना स्वतःला दोनच होते.

बातमी कॉरिडॉरच्या या टोकाहून त्या टोकाला जायला पाच मिनिटं लागली, आणि जाता जाता ती वाढत गेली. दहा वाजेपर्यंत बेचाळीसच्या बेचाळीस जणांची खात्री पटली की बाई आता आपल्यातच राहायला येणार. एकेक जण येऊन भेटून जाऊ लागलं. बाई औषधांच्या कपाटापुढे उभ्या, मिस्त्री शेजारी गुडघ्यावर बसून दोन नंबर बसवतोय ('मोजणी जुळत नाही तेव्हा, एका हाताला'), आणि आज्या रांगेनं येतायत.

"पहिले दोन दिवस जड जातात गं," एक आजी बाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या. "मग होते सवय."

"खिडकीजवळचा पलंग माग," दुसऱ्या कानात म्हणाल्या. "आधी माग, नंतर देत नाहीत. इथल्या बाई फार कडक आहेत."

"आजी, इथली बाई मीच आहे."

"तेच तर सांगतेय! आता बघ, कळेल तुला आमची कथा."

तिसऱ्या आजींनी काही न बोलता आपल्या मऊ सपाता बाईंच्या पायाशी ठेवल्या आणि अनवाणीच परत निघाल्या. बाईंना पळत जाऊन त्या सपाता पुन्हा त्यांच्या पायात घालाव्या लागल्या. खाली वाकल्या तेव्हा आजींनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पांढरे झाले की गं. कधी झाले?" बाईंनाही माहीत नव्हतं.

अकराच्या सुमाराला भोंगा आला. भोंगा म्हणजे पाच नंबरच्या आजींचा मुलगा. खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण आवाजामुळे हे नाव पडलं होतं. दर शुक्रवारी तो यायचा, बाईंच्या दारात उभा राहायचा आणि ओरडायचा. मागच्या शुक्रवारी चष्म्यासाठी, त्याआधी स्वेटरसाठी, त्याआधी हवेसाठी. आज सूपसाठी होतं.

"हे सूप आहे? हे सूप आहे का हो? माझ्या आईनं आयुष्यभर—"

"एक मिनिट," मिस्त्री मध्येच म्हणाला. "तुम्ही नातेवाईक ना?"

"हो! का?"

"मग बरोबर. चार नंबर: नातेवाईक ओरडतात तेव्हा, दोन्ही हातांना." त्यानं दोघांच्या मधोमध, दाराच्या चौकटीशेजारी एक लांब दांडा टेकवला, शेवटचे दोन स्क्रू पिळले आणि बाजूला झाला. "दीडशे किलो वजन घेतो. आता ओरडा बिनधास्त."

बाईंनी दांडा धरला. दुसरं काय करणार? धरल्यावर मात्र त्यांना कळलं की इतके दिवस भोंगा ओरडायला लागला की त्या एकेक पाऊल मागे सरकायच्या, आणि आज सरकल्या नव्हत्या. भोंग्यानं पुन्हा सुरुवात केली. सूप झालं, आंघोळीचं पाणी झालं, पडद्यांचा रंग झाला. पण ओरडायलाही दम लागतो. पडद्यांपाशी आल्यावर त्याचाही हात आपोआप पुढे आला आणि त्यानं दांड्याचं दुसरं टोक धरलं. आता दोघं गर्दीच्या बसमध्ये शेजारी शेजारी उभे असल्यासारखे दिसत होते. आणि बसमध्ये शेजारच्या माणसावर असं किती वेळ ओरडणार?

"कुठपर्यंत आलो होतो मी?" भोंग्यानं विचारलं.

"पडद्यांपर्यंत," बाई म्हणाल्या.

 तो एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "आज तिनं मला विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात?"

"हं," बाई म्हणाल्या.

"मागच्या शुक्रवारीही विचारलं होतं. मी चष्म्यावरनं भांडलो तुमच्याशी."

"ठाऊक आहे."

दोघं तसेच दांडा धरून उभे राहिले. मिस्त्रीनं मधल्या वेळात कागदावर चार नंबरपुढे खूण केली आणि 'वापरून बघितला, ठीक' असं लिहिलं.

जेवणाच्या वेळेपर्यंत सहा दांडे आणखी लागले. जिन्यात, चौथ्या पायरीवर एक लागला ('निर्णय घेताना', कारण बाई सगळे निर्णय खालून वर जाताना घेत, आणि वर पोचेपर्यंत घेतला नाही तर तो राहून जाई). पाळीचा तक्ता लावलेल्या भिंतीखाली एक लागला, बसल्या बसल्या धरता येईल असा ('सकाळी सात वाजता कुणी येत नाही म्हणून कळवतं तेव्हा'). दहाव्या ओळीपाशी मात्र मिस्त्रीची पेन्सिल थांबली.

"'कुणी गेलं की, त्या खोलीत जायच्या आधी,'" त्यानं वाचलं. "कुठली खोली, मॅडम?"

बाईंनी कॉरिडॉरकडे बघितलं. दोन्ही बाजूंना दारं. "कुठलीही," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीनं टेप काढला नाही. तो त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. मग कॉरिडॉरच्या बरोबर मधोमध, जिथून सगळी दारं दिसतात अशा ठिकाणी त्यानं तो दांडा बसवला, आणि बसवताना मशीनचा आवाज होईल म्हणून हातानंच स्क्रू पिळले.  देव असा कुठल्या कुठल्या रूपात येऊन काय काय पिळून जातो, सांगता येत नाही.

दहा झाल्याचं विभागाला फोनवरून कळवून तो म्हणाला, "आता शेवटचा." एक दांडा उरला होता. "अकरा नंबर. कुठे: सांगता येत नाही. केव्हा: सांगता येत नाही. हात: दोन्ही."

बाईंची कानशिलं तापली. रविवारी, गठ्ठ्यावर बसून, दहा ओळी लिहून झाल्यावर त्यांनी ती ओळ लिहिली होती, आणि खोडायची राहून गेली होती. "ते सोडून द्या हो. थकले होते मी."

"सोडता येत नाही. विभागानं खाली सूचना घातलीय." त्यानं कागद पुढे केला. तिथं टाइप केलं होतं: *व्यवस्थापिका दाखवतील त्या जागी बसवणे. जागा दाखवेपर्यंत मिस्त्रीने त्यांच्यासोबत राहणे.* "तुम्ही करा तुमचं काम," मिस्त्री म्हणाला. "मी येतो मागनं. इथे असं वाटलं की सांगा."

आणि तो खरंच मागनं निघाला. दोन्ही हातांत दांडा आडवा धरून, चार पावलं मागे.

जेवणघरात एक सिस्टर कमी होती. म्हणून बाई दोन आज्यांना एकाच वेळी भरवत होत्या, डाव्या हातानं डावीकडे, उजव्या हातानं उजवीकडे. मिस्त्री जरा वेळ बघत उभा राहिला. "इथे?" त्यानं विचारलं.

"इथे नको," बाई म्हणाल्या.

"मग एक चमचा तरी द्या इकडे." त्यानं दांडा टेबलाला टेकवला आणि डावीकडच्या आजींसमोर बसला. आजींनी त्याला नीट निरखून घेतलं, आणि जो सूपचा चमचा बाईंच्या हातून तीनदा परत गेला होता तो मुकाट्यानं गिळला. "नवे डॉक्टर बरे आहेत," त्या म्हणाल्या.

लिफ्टपाशी चाकाच्या खुर्चीचं एक चाक महिनाभर किंचाळत होतं. बाई खुर्ची ढकलत होत्या. "इथे?" "इथे नको." पण त्यानं खिशातून पाना काढला, चाकाला दोन पीळ दिले, आणि चाक गप्प झालं. खुर्चीत बसलेले आजोबा नाराज झाले. त्या आवाजावरून जेवणघरातल्यांना कळायचं की ते येतायत.

वर नऊ नंबरमध्ये एक जाडजूड आजोबा खुर्चीतून अर्धे घसरले होते आणि वर चढवायला कुणी मिळेपर्यंत तसेच बसून पेपर वाचत होते. बाईंनी एक बगल धरली, मिस्त्रीनं दुसरी. "एक, दोन, तीन." बाईंना कमरेत कळ आली नाही. चौदा महिन्यांत असं पहिल्यांदाच झालं, म्हणून त्या दचकून मागे वळल्या, की कळ गेली कुठे.

"इथे?" मिस्त्रीनं विचारलं.

"अंहं."

मग फोन वाजला. बाईंचे दोन्ही हात एका आजींच्या ओल्या बाहीत अडकलेले. फोन वाजतच राहिला. मिस्त्रीनं दांडा बगलेत मारला आणि फोन उचलला.

"हॅलो. आधार बोलतोय." पलीकडून कुणी तरी बराच वेळ बोललं. "हो. हो का? अरेरे. नाही, बाई कामात आहेत, मी लिहून घेतो." त्यानं कानामागची पेन्सिल काढून कामाच्या कागदाच्या पाठीवर लिहिलं. "तुम्ही काळजी करू नका ताई. जेवल्या त्या, मी स्वतः भरवलं. अर्धी वाटी सूप. नाही, पाऊण नाही, अर्धीच."

बाईंनी ऐकलं आणि त्यांचा हात आजींच्या बाहीतच थांबला.

साडेतीनला चहा आला. बाईंचा चहा नेहमी साडेतीनला यायचा आणि साडेपाचला, साय धरलेला, मोरीत जायचा. आज त्यांनी कप उचलला, घोट घेतला आणि "आई गं!" करून कप ठेवला. जीभ पोळली. गरम होता. बाई पोळलेली जीभ टाळूला लावून बघत राहिल्या. चहा गरम असतो, हे त्या विसरून गेल्या होत्या.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "तुम्हाला उशीर होतोय का? दुसरी कामं असतील."

"नाहीत," तो डायपरच्या खोक्यांवर टेकत म्हणाला. "काम बंद झाल्याशिवाय दुसरं मिळत नाही, असा नियम आहे आमच्यात. अकराच्या अकरा लागले, तुमची सही झाली, की काम बंद. तोवर उघडं."

"आणि आज जागा नाहीच सापडली तर?"

"उद्या येतो."

"उद्या नाही सापडली तर?"

"परवा." त्यानं बशीत चहा ओतला. "मागं एका शाळेत जिन्याचा कठडा होता. मुख्याध्यापकांना उंची पसंत पडेना. दीड वर्ष होतो तिथं. शेवटी शेवटी पाढे घ्यायला लागलो."

"कंटाळा नाही आला?"

"भिंतीला भोकं पाडण्यापेक्षा बरंच. भिंत काही बोलत नाही ना."

 बाई कपात बघत राहिल्या.

बरोबर चारला फोन वाजला. हा फोन बाईंनीच उचलला. मोठ्या साहेबांचा आवाज आनंदानं नुसता ओसंडत होता.

"अभिनंदन! साधन विभागाचा अहवाल माझ्यासमोर आहे. तुमच्या अकरा गरजांपैकी दहा एका दिवसात पूर्ण! आमच्या कुठल्याच निवासात असं झालेलं नाही. एका निवासानं तर फक्त 'झोप' एवढंच लिहिलं होतं, त्यांना पलंग पाठवला. पण दहा! आता कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय साहेब," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

"वा! मग पुढच्या वर्षाचं काय? हो ना?"

चार शब्द जिभेवर तयार होते. साहेब, मला. बाईंनी दम घेतला आणि उघड्या दारातून कॉरिडॉरमध्ये नजर गेली. मिस्त्री चालला होता. दांड्याचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं टोक सपातावाल्या आजींच्या हातात. दोघं बाथरूमकडे निघाले होते, गोगलगाईच्या चालीनं, आणि मिस्त्री मागे न बघता आपला वेग आजींच्या वेगाला जुळवत होता. तसं कर म्हणून त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवून येणारी ती गोष्टच नाही. बाईंनी बारा वर्षांत तीस जणांना शिकवून बघितली होती, त्यातल्या चौघांना आली.

"हॅलो? आहात ना?"

"आहे साहेब." बाईंचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "वर्ष करते मी. पण अकराव्या आधाराची सही आत्ता करता येणार नाही."

"का बरं? काही बिघाड?"

"बिघाड नाही. जागा सापडत नाहीये. दिवसभर शोधतोय आम्ही, दोघं मिळून. सकाळी वाटलं तिथे दुपारी वाटत नाही. खोटी सही कशी करू?"

"नाही नाही, खोटी सही नको!" साहेब घाबरले. "अहवाल शंभर टक्केच व्हायला हवा. वेळ घ्या. किती दिवस लागतील?"

बाईंनी अगदी मनापासून विचार केला. जिना आठवला, लिफ्ट आठवली, पहाटे पाचची स्वयंपाकघरातली गडबड, सकाळी सातचे फोन. "खरं सांगू साहेब? वर्षभर तरी लागेल."

"वर्ष?" पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. साहेब कुणाशी तरी बोलले. मग म्हणाले, "तसं असेल तर एकटा मिस्त्री कसा पुरेल? एवढी मोठी इमारत. त्याच्या मदतीला आणखी एक पाठवू का?"

 चौदा महिने, चार पत्रं. बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि साहेब, जमलं तर बाई मिस्त्री पाठवा. काही जागा बायकांनीच बघायच्या असतात."

"बघतो. नक्की बघतो. साधनांना आपल्याकडे कधी नाही म्हणत नाहीत."

फोन ठेवून बाई कॉरिडॉरमध्ये आल्या. आजी आत गेल्या होत्या, आणि मिस्त्री दांडा उभा धरून बंद दाराबाहेर पाठमोरा, थोडा लांब उभा होता, हाक आली तर ऐकू येईल पण आतला कानोसा लागणार नाही, इतका.

"मिस्त्री, तुम्ही उद्या किती वाजता येणार?"

"तुम्ही किती वाजता येता?"

"मी सातला. पण उद्या नाही येत. उद्या मी घरी आहे." हे वाक्य बाईंनी पाठ केलेलं नव्हतं, तरी बिनचूक आलं.

मिस्त्रीच्या कपाळाला आठ्या पडल्या. कामाचा कागद त्यानं पुन्हा काढून वाचला. "मग मी मागं कुणाच्या फिरू? कागदावर तुमचं नाव आहे."

बाई जरा विचारात पडल्या. "सिस्टरच्या मागं फिरा. सकाळच्या पाळीला तीच असते."

"तिला माहीत असेल, दांडा कुठे हवाय ते?"

"छे," बाई म्हणाल्या. "तिलाही सांगता यायचं नाही."

"मग बरंय," मिस्त्री म्हणाला, आणि आतून आजींची हाक आली तसा दांडा पुढे करून दाराशी जाऊन उभा राहिला.